वाइंडिंगवाल्या भाऊंना, जाहीर आभार

नागपूर

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता या पत्रात लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतं, "नाव नका टाकू मॅडम, कूलरचा सीझन आहे, लोक भांड्याच्या मशिनी घेऊन येतीन." तेव्हा सक्करदऱ्याकडचे, मोटरींचं वाइंडिंग करणारे भाऊ, एवढंच. तरी आभार मात्र चारचौघांत मानणार. तुमचं काम आमच्या ओट्याखाली, भांडी धुणाऱ्या मशीनच्या म्हणजे डिशवॉशरच्या पोटात आहे. तिथे कोणी वाकून बघणार नाही.

आमच्या डिशवॉशरचं दुखणं सावजी रस्सा झाला की उघडं पडायचं. तर्रीचा लाल थर थंड पाण्याला दाद देत नाही. कढईचा प्रोग्राम 70 अंशांचा, पण भांडी निघायची गार, ओली आणि काठाला तेलकट. साबणाची वडी अर्धी तशीच. पाणी तापेपर्यंत मशीन पुढे सरकत नाही, त्यामुळे प्रोग्राम संपता संपत नव्हता. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. सर्व्हिसचा माणूस आला, खालची पट्टी काढली, हीटरवरचं काळं पडलेलं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची पितळी टोपी, पकडीनं दाबून पुन्हा बसवलं. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तोच वास. मग त्यानं हीटर आणि बोर्ड दोन्ही बदलायचा खर्च लिहून दिला. त्यात आणखी थोडी भर घालून छोटं नवं मशीन आलं असतं.

तुमच्याकडे मी आले ती खरं तर फक्त मीटर मागायला. तुम्ही म्हणालात, "डिशवॉशर मी कधी खोललं नाही, पण हीटर आन् वायर तर सगळीकडे सारखेच." आपल्याला काय येत नाही हे आधी सांगणारा कारागीर मला लगेच पटतो.

घरी आल्यावर तुम्ही पेचकसला हात लावला नाही. आधी प्लग काढून माझ्या हातात दिला. "मी आत हात घालून आहो, तोवर हा तुमच्यापाशीच राहू द्या." पाण्याचा नळ बंद केला, जाळी काढून तळाचं पाणी स्पंजनं टिपलं, जुनी चादर अंथरून मशीन आडवं केलं. दोन्ही वायरी सोडवून हीटर मीटरवर मोजला. 26 ओहमच्या वर थोडं. 230 व्होल्टला 2000 वॅटचा हीटर तेवढाच दाखवणार. मग मोटरींसाठी वापरता तो मेगर लावून हीटरमधून बॉडीकडे गळती नाही ना, तेही बघितलं. बोर्ड काढून हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेखालचे सोल्डरचे टाके भिंगानं तपासले. सगळं ठाकठीक. "हीटरनं काय पाप केलं जी? थिंबलच ढिलं होतं पहिल्यापासून."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. फळ्यावर आय-वर्ग-आर, म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध हे उष्णतेचं सूत्र, किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. तुमच्या हातातलं ते कोळसा झालेलं थिंबल म्हणजे त्याचंच उदाहरण होतं. त्या वायरीतून साडेआठ अँपिअरच्या पुढे करंट जातो. चांगल्या जोडाचा रोध जवळजवळ शून्य. जोड ढिला पडून तोच अर्धा ओहम झाला, तर तेवढ्याशा पत्र्यावर 38 वॅटच्या आसपास उष्णता निघते. तुमच्या टेबलावर 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं, त्याहून जास्त. तापला की पितळेवर काळा थर धरतो, थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे आणखी तापतो. आणि एकदा इतकं तापलेल्या पितळेचा ताण निघून जातो, ते पुन्हा घट्ट धरत नाही. म्हणून पकडीनं दाबलेलं थिंबल टिकलं नाही.

माझ्या जावयानं विचारलं होतं, की एवढं जळलं तर घराच्या बोर्डावरची आपोआप पडणारी एमसीबी का पडली नाही. तुमचं उत्तर मला वर्गात वापरायला मिळायला हवं होतं. "एमसीबीले काय दिसते? तिले तर करंट बरोबरच दिसते." खरंच आहे. ढिल्या जोडानं करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबी जास्तीच्या करंटवर पडते, ईएलसीबी गळतीवर. इथे दोन्ही नव्हतं. अशा जळण्याची खबर आधी नाकाला लागते. ज्यांच्या घरी गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून थोडं लांबण लावलं.

आता तुमचं काम. थिंबल कापून वायर सोलली, तर आतलं तांबं काळं. आणखी सोलली, तरी काळंच. लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत गेलात आणि वायर तोकडी पडली. मी म्हटलं, जोड देऊन टेप मारू. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, उष्णता सोसणारी सिलिकॉनची वायर आणलीत आणि हीटरपासून कनेक्टरपर्यंत अख्खी बदललीत, मध्ये कुठे जोड नाही. दोन्ही टोकांना नवी थिंबलं क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबली, ओढून बघितली, वर फायबरची स्लीव्ह चढवली. सोल्डर लावायचं नाही म्हणालात, कारण जोड तापला की तेच आधी वितळतं. हीटरची, थिंबल जिच्यावर बसतं ती पात पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली. नवं थिंबल तिच्यावर बसवायला अंगठ्याचा जोर लागला, तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं.

जाता जाता भिंतीतलं सोळा अँपिअरचं सॉकेटही उघडलंत. ते कोणी सांगितलं नव्हतं. फेजचा स्क्रू ढिला होता, तो आवळलात. मग प्रोग्राम लावून वायरीभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर धरून बसलात. आकडा साडेआठच्या पुढे जाऊन स्थिर झाला तरी उठला नाहीत. धुणं संपून खळबळण्याच्या पाण्याला हीटर दुसऱ्यांदा सुरू होतो, तोही बघूनच चहा घेतला.

मला राहून राहून वाटतं, आम्ही नवा हीटर घेतला असता तर तो त्याच जळक्या वायरीवर, त्याच मऊ पडलेल्या थिंबलावर बसला असता. पैसे जाऊन पुन्हा वास आलाच असता, आणि दोष नव्या हीटरला लागला असता. काय जळलं ते सर्व्हिसवाल्यालाही दिसलं होतं. कशामुळे जळलं, ते तुम्ही शोधलंत.

पैशांवरून आपला वाद झाला, तो माझ्या मते अजून मिटलेला नाही. तुम्ही वायर, थिंबलं आणि मजुरी मिळून जे घेतलंत, त्यात बर्डीला जाण्या-येण्याचं पेट्रोलही निघालं नसेल. वरून म्हणे, "नवीन मशीन शिकायले भेटली, त्याचे पैसे काहून घेऊ?" आमच्या कूलरचा पंप खडखडतोय. या आठवड्यात घेऊन येते. त्याचं बिल मात्र पूर्ण लावायचं, आणि मागची कसर त्यातच काढायची. सोबत पाटवडीचा डबा असेल, तो परत करू नका.

तुमची,
डिशवॉशरवाल्या मॅडम