सूचना : भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज
पाचवी-सहावीच्या गटांना शिकवणाऱ्या सभासदांनी थेट लसाविपासून (लघुत्तम साधारण विभाज्य, म्हणजे छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) सुरुवात करू नये. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर हमखास येतं, कारण मुलं अंश आणि छेद या दोन सुट्या संख्या समजतात. २/५ तर १/२ पेक्षाही लहान; बेरीज घटली कशी, हे त्यांनाच विचारा. मग वहीत १२ सेंमीची पट्टी काढून घ्या : अर्धा भाग ६, तिसरा भाग ४, मिळून १० सेंमी, म्हणजे १०/१२ किंवा ५/६. पट्टी दोन्हींसाठी एकाच लांबीची हवी, नाहीतर तुलनाच फसते. १/४, १/६ लाही हीच चालते. (गोल चकत्या टाळा, तिसरा भाग हाताने नीट पडत नाही.) समच्छेदाची (दोन्ही छेद सारखे करण्याची) रीत चार-पाच उदाहरणांनंतरच.