बोंडूच्या वासाचे दिवस

शिरोडा,
फेब्रुवारीअखेर

प्रिय बाबल,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला. बराच वेळ तू बोललाच नाहीस, मग एवढंच म्हणालास, "आबा, आज ऱ्हवत नाय रे." मी जे सुचलं ते घाईघाईत बोललो. फोन ठेवल्यावर झोप लागेना. काय काय सांगायचं राहून गेलं ते आठवत राहिलं, म्हणून सकाळी उठून लिहायला बसलो. पत्र खिशात ठेवता येतं. माझ्या फोनला रेंज नसली तरी तुझ्याजवळ काहीतरी असेल.

व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर येऊन तुला दोन महिने झाले. अजून दारूची ओढ लागते म्हणजे उपचार फुकट गेले, असं तू धरून बसला आहेस. बाबल, मला तिसरं वर्ष चालू आहे आणि मलाही लागते. पहिल्यासारखी रोज नाही, पण लागते. वीस वर्षं रोज संध्याकाळी जे शरीराला दिलं, ते शरीर साठ दिवसांत कसं विसरेल? ओढ लागली म्हणजे आपण प्यायलो, असं होत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये थोडी जागा असते. ती जागा मला एकदा दिसली, ती गोष्ट सांगतो.

मागचा मार्च. आमच्या बागेत काजूची, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची, कलमं आहेत, तुला माहीत आहे. बिया काढून घेतल्या होत्या आणि मांगरामागे, बागेतल्या त्या खोपीमागे, दोन दिवसांच्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा, ढीग पडला होता. खालचे फुटून रस वाहत होता, वर माशा घोंघावत होत्या. तो आंबूस-गोड वास तुला सांगायला नको. गडी गेलेले, बायको माहेरी. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, आणि बियांच्या दरावरून व्यापाऱ्याशी फोनवर कडकडून भांडण झालेलं. कोयता ठेवायला दगडी गडग्याच्या फटीत हात घातला तर हाताला बाटली लागली. कुणातरी गड्याने लपवलेली हुर्राक, बोंडूची दारू. अर्ध्याच्या वर भरलेली, उन्हाने कोमट झालेली, तोंडाला कागदाचा बोळा.

मी बोळा काढला. हे आजवर फक्त बायकोला आणि आमच्या दारू सोडलेल्यांच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये सांगितलं आहे.

त्या वेळी "पिऊ की नको" असा विचार डोक्यात नव्हताच रे. डोकं तयारीला लागलं होतं. लिंबू झाडावर आहे, मीठ मांगरात आहे, बायको उद्या दुपारच्या एसटीने येणार, तोवर वास जाईल. सगळा हिशेब आपोआप मांडला जात होता. म्हणून तुला सांगतो, मन असं सोयीसुविधा मोजायला लागलं की ओळखायचं. ओढ तेव्हाच लागलेली असते.

दुसऱ्या हाताने ग्रुपमधल्या एका काकांना फोन लावला. ते मला रागावले नाहीत, उपदेश केला नाही. म्हणाले, "जेवलंस काय?" मी नाही म्हटलं. "बाटली खाली ठेव. ओतू नको, वास घेव नको, आसा थय ठेव आणि घराकडे चल. फोन बंद करू नको." ओतायला गेलो असतो तर ती पुन्हा हातात आली असती, हे मला मागाहून कळलं. घरी आलो, गार झालेली पेज वाढून घेतली, सुक्या बांगड्याचा तुकडा भाजला. काका फोनवर त्यांच्या नातीच्या शाळेबद्दल बोलत होते. फोन लावला तेव्हा सहा चाळीस झाले होते. सव्वासातला लक्षात आलं, आपण बाटलीचा विचार करत नाही आहोत. पस्तीस मिनिटं. तेवढीच जागा होती ती.

डॉक्टरांनी मला आधी सांगितलं होतं की ओढ लाटेसारखी चढते, शिखराला जाते आणि तिला खाऊ घातलं नाही तर बहुतेक वेळा अर्ध्याएक तासात उतरते. अॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत शिकवली. लाटेशी भांडायचं नाही, ती शरीरात कुठे लागते ते पाहत राहायचं. माझ्या जबड्याखाली पाणी सुटतं, तळवे गरम होतात. पण समुद्राकाठच्या माणसाला "लाट आहे, ओसरेल" एवढ्याने धीर येत नाही. लाटेत माणसं गेलेली आपण पाहिली आहेत. मला धीर रापणीमुळे आला. लहानपणी वेळागरच्या किनाऱ्यावर रापण, ते मोठं जाळं, ओढायला जायचो तेव्हा म्हातारे काय ओरडायचे, आठवतं? लाटेला पाठ दाखवू नको, छाती देऊ नको, कूस देऊन उभा राहा, आणि दोरी धरलेल्या माणसाला सोडू नको. मी तेच करतो. छाती काढून "मी बघतोच कशी येते" म्हणणारे आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी घसरले.

माणूस धरायचं हे तर या मार्गाचं मूळच आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन हा दारू सोडलेला दलाल हॉटेलात उभा होता, समोर बार. धंद्यातला सौदा फसला होता. आत जाण्याऐवजी त्याने फोन फिरवायला सुरुवात केली, की या गावात माझ्यासारखा दुसरा कुणी दारुडा भेटेल का. भेटला, तो डॉक्टर होता, बॉब स्मिथ. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना, तिथून सुरू झाली. तू मला साडेअकराला फोन केलास तेव्हा माझी झोप मोडली म्हणून चार वेळा माफी मागितलीस. परत मागू नको. त्या फोनने मलाही न पिण्याचा एक दिवस मिळतो.

ओढ वाढवणाऱ्या चार गोष्टी ध्यानात ठेव: भूक, राग, एकटेपण, थकवा. मांगराच्या दिवशी माझ्याकडे चारही होते. संध्याकाळी ऑफिसातून निघताना तुझ्याकडे यातलं काय आहे ते बघ, आणि स्टेशनबाहेरच्या त्या गल्लीतून जायच्या आधी काहीतरी खा. खरं म्हणजे ती गल्लीच सोड. दहा मिनिटं उशीर होईल, होऊ दे.

वहिनींनी कुणाकडून तरी जेवणातून गुपचूप घालायची पावडर आणली आहे, असं तू म्हणालास. मला फार वाईट वाटलं. त्यांचा जीव तुटतो म्हणूनच त्या करतात. पण त्यांना सांग, असल्या पुड्यांत काय असतं कुणी सांगू शकत नाही. दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. ती गोळी डॉक्टरांनी, तुला सांगून, तुझ्या संमतीने द्यायची असते. आणि तुझ्या चालू गोळ्या तू मनाने बंद केल्यास, त्याबद्दल उद्याच्या उद्या डॉक्टरांना भेट.

आणि समजा घसरलास. मी सातव्या महिन्यात घसरलो होतो, एका लग्नात, "एकच" म्हणून. ते अकरा दिवस चाललं. लाजेने कुणाला सांगितलं नाही म्हणून अकरा दिवस. तसं झालं तर लगेच सांग. अनेक दिवस प्यायल्यावर खोलीत कोंडून घेऊन एकदम बंद करू नको. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस भ्रमात जातो. दवाखान्यातच जायचं. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

आता शिमग्याचं. काकू म्हणतात ये, तुला यायचंही आहे आणि भीतीही वाटते. माझं ऐकशील तर रोंबाटाच्या, त्या मिरवणुकीच्या, रात्री गावात नको. शबयचे, शिमग्यात मागून जमवलेले, पैसे शेवटी दारूत जातात, ते आपणच केलं आहे. राखणदार देवाला दाखवलेल्या बाटलीचं पुढे काय होतं तेही. पहिल्या वर्षी मी शिमग्याला पुण्याला बहिणीकडे जाऊन बसलो. भावकीने नावं ठेवली, "देवाकडेही पाठ फिरवलीन." एक वर्ष बोलले, मग गप्प झाले. तू सगळं आटपल्यावर चार दिवसांनी ये. आणि कुणी ग्लास पुढे केला तर पित्त झालंय, गोळ्या चालू आहेत असलं काही सांगू नको. पित्त उद्या बरं होतं आणि ते उद्या परत विचारतात. "मी सोडली" एवढंच सांग.

देवळात गाऱ्हाणं घालायचं काकूंच्या मनात आहे. घालू दे. मी बाजूला उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणेन, मोठ्याने म्हणेन.

बागेत मात्र तेव्हा वास असणार. मी बोंडू आता साठवत नाही, संध्याकाळच्या आत खड्ड्यात टाकून वर माती लोटतो. ते काम दोघांनी केलं तर लवकर होईल. सावंतवाडी स्टेशनवर मी स्कूटर घेऊन थांबतो. रात्रीच्या गाडीत उपाशी बसू नको, डबा घे. आणि आज संध्याकाळी निघालास की फोन कर.

तुझा,
आबा