बाबा, पाणी आणू नका

पुणे, गुरुवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा वडोदऱ्याहून निघाल्यापासून एकच चित्र डोळ्यांपुढे आहे. आईने वॉकर इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती पाऊल टाकणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू दे, मी आणतो पाणी." आणि ती मुकाट्याने खाली बसली.

बाबा, तुमची माया मला कळते. ती न्हाणीघरात पडली ती रात्र तुम्ही एकट्याने काढलीत. पण आता पाणी आणू नका. खुब्याचा गोळा बदलल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला उभं केलं, ते पायावर भार द्यायला हरकत नाही म्हणूनच. पडून राहिलं की मांडीतली ताकद भराभर जाते, पायात रक्ताची गाठ व्हायची धास्ती वेगळीच. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तिच्या काखेत हात घालू नका, नुसते जवळ उभे राहा.

आई, देवासमोर पाटावर बसायचा हट्ट सोड. काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. गोळा निखळू शकतो. खुर्चीवर बसून केलेली पूजाही देवाला पोचते. झोपाळ्यावर तुझा किती जीव आहे ते ठाऊक आहे, पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत तोही नाही.

आणि हाडांची ती आठवड्याची गोळी तू चहाबरोबर घेतलीस. अशी ती नीट अंगी लागत नाही गं! सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घे; मग अर्धा तास चहा नाही, आडवं होणं नाही. दुसरा खुबा मोडू नये म्हणून आहे ती.

"पुन्हा पडले तर?" असं तू रात्री हळूच विचारलंस. मलाही तीच भीती वाटते. म्हणून पायपुसणी उचलून टाकली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा दिवा लावून आले. पण भीतीपोटी बसून राहिलीस, तर पाय आणखी लटके पडतील. मला तू पुन्हा कमाटीबागेत चालताना हवी आहेस.

रविवारी फोन करीन. बाबा, तो आईच्या पलंगाशी नेऊ नका, दिवाणखान्यातच राहू द्या. ती चालत येईपर्यंत मी थांबते.

तुमची लेक