जुन्या जीपला सोसेल असं पेट्रोल

महोदय,
20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची चर्चा होते ती मायलेजपुरती. माझ्याकडे वडिलांची 1968 ची सीजे-3बी, म्हणजे विलीस घराण्यातली जीप आहे. विलीस जीपची जुळणी आपल्या माझगावातच होत असे, त्यामुळे जरा जास्तच जीव! इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचतं, पत्रा आतून गंजतो, जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. गेल्या जुलैत कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उघडला, तर वाटीत चहाच्या रंगाचं पाणी.

आता टाकी काठोकाठ भरून ठेवतो आणि रविवारी पहाटे माहीम ते वरळी चक्कर मारतो. कोरड्या डांबरावर फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर) टाकत नाही; वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. मुंबईच्या खड्ड्यांना दोन चाकं पुरतात म्हणा!

2021 च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ (विंटेज) नंबरपाटीचा मान दिला. शहरात दोन-चार पंपांवर परवडणाऱ्या दरात इथेनॉलविरहित पेट्रोलही मिळावं.

– एक जीपवाला, दादर