आधी थांब्यापुढच्या मोटारी काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात ‘पे अँड पार्क’च्या विरोधात ओळीने चार पत्रे छापून आली. चारही पत्रांचा सूर एकच : आम्ही रोड टॅक्स भरतो, मग गाडी उभी करायचे वेगळे पैसे कशाला? रात्रीच उत्तर लिहायला बसले होते, पण फार चिडले होते म्हणून कागद बाजूला ठेवला. आज सकाळी लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी मोठी बहीण स्वारगेटहून कोथरूडला येत होतो. ताई ७६ वर्षांची, मी ६९ ची. आमच्या थांब्याशेजारी मिठाईचे दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या मोटारी थांब्याला चिकटून लागतात, आणि जागा संपली की बाहेरून दुसरी रांग सुरू होते. त्यामुळे बस थांब्याला लागतच नाही, भर रस्त्यात उभी राहते. त्या दिवशीही तेच झाले. ड्रायव्हरला मी दोष देत नाही, तो बस नेणार कुठे?

बस लो फ्लोअर होती. या बसचा तळ जमिनीपासून साधारण १६ इंचांवर असतो आणि फुटपाथ ६ इंच उंच. म्हणजे बस फुटपाथला लागली तर १० इंच उतरायचे, रस्त्यात उभी राहिली तर पूर्ण १६. तरुणांना हा फरक कळायचाही नाही. गुडघे गेलेल्या माणसाला विचारा. ताईने एक पाय खाली टेकला, दुसरा अजून दारात होता, एवढ्यात बस आणि उभ्या मोटारी यांच्या मधल्या फटीतून एक स्कूटर आली. तिचा धक्का लागला नाही, पण ताई दचकली, तोल गेला आणि ती हातावर पडली. मनगट मोडले. पाऊस पडत होता. मी तिच्याजवळ रस्त्यात बसले होते आणि पलीकडच्या मोटारीतला माणूस हॉर्न वाजवत होता, कारण आमच्यामुळे त्याला गाडी बाहेर काढता येत नव्हती.

ताईने नोकरीची ३२ वर्षे बसने काढली. तेव्हा शहराची बससेवा पीएमटी होती, आता ती पीएमपी झाली, पण ताई अजून पीएमटीच म्हणते. प्लास्टर निघाले, हात बरा झाला, पण बसचे नाव काढले की ती नको म्हणते. मग तिच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी आमच्या भाच्याने दिवाळीत मोटार घेतली. मुलगा गुणी आहे, मावशीसाठी कर्ज काढले त्याने. त्याच्या इमारतीत पार्किंग नाही, म्हणून मोटार रस्त्यावर असते आणि आठवड्यातले पाच दिवस जागची हलत नाही. थांब्यापुढे उभ्या राहिलेल्या मोटारींनी शहरात आणखी एक मोटार आणली. गेले कित्येक महिने हेच माझ्या मनात घोळते आहे. लोक हौसेने मोटारी घेतात असे सगळे म्हणतात. आमच्या घरात मोटार आली ती भीतीने आली.

आता टॅक्सचे. रोड टॅक्स गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी असतो. रस्त्याचा तुकडा दिवसरात्र अडवून ठेवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. एका मोटारीला उभे राहायला सुमारे १३५ चौरस फूट लागतात. नारायण पेठेतल्या वाड्यात आमची खोली जवळपास तेवढीच होती, तिच्यात आम्ही सहा माणसे राहत होतो आणि महिन्याच्या महिन्याला भाडे देत होतो. पीएमपीच्या प्रवाशाकडे बघा. १ जून २०२५ पासून कमीत कमी तिकीट ५ रुपयांवरून १० वर गेले आणि महिन्याचा पास ९०० चा १५०० झाला. कामाला जाणाऱ्या बायकांनी तो काढला, गुपचूप काढला. तेव्हा ओळीने चार पत्रे छापून आल्याचे मला तरी आठवत नाही. जी बाई शहराची जागा अडवत नाही तिने दरमहा १५०० रुपये द्यायचे आणि जो अडवतो त्याने काहीच द्यायचे नाही, हे ज्यांना न्याय्य वाटते त्यांनी एकदा संध्याकाळी सहाला आमच्या थांब्यावर उभे राहावे.

मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत पार्किंग धोरण मंजूर झाले तेव्हाही असाच आरडाओरडा झाला होता. शेवटी अंमल पाच रस्त्यांपुरता ठेवायचे ठरले आणि पुढे तेही विरून गेले. इतकी वर्षे गेली, आपण पुन्हा त्याच जागी उभे आहोत. मधल्या काळात मेट्रो आली, तिचे मी मनापासून स्वागत करते. पण मेट्रोच्या जिन्यापर्यंत माणूस चालतच जाणार ना? तो रस्ता मोकळा नको?

चांगले काही होत नाही असे मी म्हणत नाही. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, बसायला बाक आले, तेव्हा ताई आणि मी संभाजी उद्यानापासून बालगंधर्वपर्यंत मुद्दाम चालत गेलो होतो. तिला चार वेळा बसावे लागले आणि चारही वेळा जागा मिळाली. घरी आल्यावर तिने भावाला फोन करून सांगितले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन करतात, तिथेही आम्ही गेलो आहोत. आयुष्यभर ज्या रस्त्यावर जीव मुठीत धरून दिवाळीची खरेदी केली, त्याच्या मधोमध उभे राहून आम्ही दोन्ही बाजूंच्या इमारतींचे वरचे मजले पाहिले. लाकडी सज्जे अजून आहेत, हे आम्हाला माहीतच नव्हते. पण हे वर्षातून एक दिवस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगे फुटपाथ मिळणे हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. हक्क ३६५ दिवसांचा असतो.

पे अँड पार्क जरूर सुरू करा, दर थोडा जास्तच ठेवा आणि आलेला पैसा बसला द्या. पण त्याच्याही आधी, ज्याला फारसा खर्च नाही ते करा : प्रत्येक बसथांब्याच्या पुढे-मागे एका बसची लांबी, म्हणजे ४० फूट, मोकळी ठेवा. नुसते पट्टे मारून होणार नाही. आमच्या थांब्यापुढे पट्टे आहेत, त्यांच्यावरच मोटारी लागतात. तिथे खांब रोवा, उचलून नेणारी गाडी रोज संध्याकाळी फिरवा. मी दोनदा लेखी अर्ज दिला, दोन्हींच्या पोहोच माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचेही नाही.

आपला छायाचित्रकार एखाद्या संध्याकाळी या थांब्यावर पाठवाल का? मी बरोबर येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे ३८

ता. क. – चौकातल्या पादचारी सिग्नलबद्दलही लिहायचे होते. हिरवा माणूस लागल्यावर मी काठी टेकत निघाले की दुभाजकापर्यंत पोहोचते आणि तो लाल होतो. मग पुढचा सिग्नल लागेपर्यंत मी दुभाजकावर उभी असते, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असतात. तिथे निदान धरायला एक कठडा तरी बसवा.