नाताळची कार्डं, गणपतीच्या पत्रिका आणि एक कात्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ होऊन तीन आठवडे झाले. दारावरची चांदणी उतरवली, गव्हाणीतली मेंढरं कापसात गुंडाळून ठेवली आणि कपाटावरचे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे खाली काढले. आमच्या घरी १९७४ पासून आलेली नाताळची कार्डं त्यात आहेत. यंदा मोजली, चारशे बारा भरली. अहिल्यानगरची, मिरजेची, सोलापूरची, दोन-चार परदेशी नर्सबाईंची. अलीकडची जवळपास नाहीतच, शुभेच्छा आता फोनवर येतात. सूनबाई म्हणाली, "आई, झुरळं होतात त्यात. यंदा तरी काढा." तिचं खरं होतं. पण काढून टाकायची कुठं, हे कोडं मी दहा वर्षं पुढं ढकलत आले आहे.

कार्डावर गव्हाणीतला बाळ येशू, मागे मरिया आणि योसेफ. घंटागाडीत कांद्याच्या सालपटांवर ते टाकायला हात धजत नाही. शेजारच्या काकूंजवळ हे बोलले तर त्या म्हणाल्या, "अहो बाई, आमच्याकडं लग्नपत्रिकांचं तेच की. वर गणपती, आत कुलदैवत. केरात कसा टाकावा? मी गठ्ठा बांधून ठेवते आणि माहेरी जाताना शहागडच्या पुलावरनं गोदावरीत सोडते." ज्यांना पूल लांब पडतो ते पिंपळाच्या पारावर ठेवून येतात. लगीनसराईनंतर कुठल्याही गावचा पार बघा.

काकूंची श्रद्धा मला कळते, माझीही वेगळी नाही. पण आजची पत्रिका म्हणजे नुसता कागद नव्हे. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. कागद विरघळतो, पापुद्रा वाहत जाऊन खालच्या गावांच्या घाटाला लागतो.

मग रद्दीवाला. आमचा रद्दीवाला वीस वर्षांचा ओळखीचा आहे. त्यानं डब्यातली कार्डं चाळली आणि भराभर दोन ढीग केले. साध्या कागदाचा ढीग लहान, चकचकीत मोठा. "बाई, हे वजनात धरत नसतेत. गिरणीवाले माघारी करायलेत." ओळखायचं कसं, तेही त्यानंच दाखवलं. कार्ड मुठीत चुरगाळायचं. चुरगळलेलंच राहिलं तर कागद, पुन्हा उलगडायला लागलं तर प्लॅस्टिक. शंका असली तर कोपरा फाडायचा. कडेला कापसासारखे तंतू दिसले तर घ्यावं, पारदर्शक साल ताणली गेली तर ठेवून द्यावं. सोनेरी फॉइलची अक्षरं, चमकी, साटीनची फीत, फेव्हिकॉलनं चिकटवलेले मणी, सगळं बाद. मी पस्तीस वर्षं मुलांना परिसर अभ्यास शिकवला, पण हा धडा पुस्तकात नव्हता.

डब्यात गाणं वाजणारी तीन कार्डं निघाली. गाणं कधीच बंद पडलंय, पण आत बटणाएवढी बॅटरी आहे. ती रद्दीतही जाऊ नये आणि चुलीत तर नाहीच. घरात रांगतं मूल असेल तर आजच काढून उंचावर ठेवा, गिळलं तर जिवावर बेततं.

साध्या ढिगाचं काय करावं म्हणून मी एक उद्योग केला, तो सांगते. हसलात तरी चालेल. मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशी जाते. आमचीही जायची, आणि वाटेत मी मुलांना कागजीपुऱ्याला उतरवत असे. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. त्या धामधुमीत कागद करणारे कारागीर इकडं आले आणि या गावात स्थिरावले, असं सांगतात. दौलताबादी कागदाला तेव्हापासून नाव. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा हौदात घोळून चाळणीवर उचलायचा, पाणी निथळलं की ताव वाळवायचा आणि दगडानं घोटून गुळगुळीत करायचा. ताव निघताना बघून मुलं टाळ्या वाजवायची.

तेच घरी करू म्हटलं. कार्डं रात्रभर भिजवली, सकाळी मिक्सरमधून काढली, जुन्या फोटोच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकून ताव उचलले. पहिले चार भाकरीसारखे जाड झाले, कडा फाटलेल्या. सातवा बरा. लाकडाच्या लगद्याचा तंतू दर खेपेला तोकडा होत जातो, पाच-सात वेळांनंतर त्यात दम राहत नाही. कापसाचा तंतू लांब, म्हणून जुनी सुती साडी कातरून थोडी मिसळली तर ताव चिवट होतो. पण निवडताना माझी नजर चुकली आणि चमकीचं एक कार्ड भांड्यात गेलं. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी लखलखली. पूर्वी सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या कागदाला अफशानी म्हणत, बादशहांच्या दरबारी तो चाले. सूनबाईला मी हा इतिहास सांगितला, तिनं मिक्सरचं नवं भांडं मागितलं.

आता मी साधी पद्धत धरली आहे. कात्री. प्रत्येक कार्डाचे दोन भाग. ज्या अर्ध्यावर हस्ताक्षर आहे ते वाचायचं आणि ठरवायचं. माझ्या वडिलांची मोडीच्या वळणाची मराठी, मैत्रिणीनं शेवटच्या आजारात पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी, ही एका वहीत चिकटवली. नुसती सही असलेली निरोप घेऊन रद्दीत. वाटलं होतं सगळीच ठेवावीशी वाटतील. चारशे बारांतली त्रेसष्ट राहिली. याचं थोडं वाईट वाटलं.

चित्राच्या अर्ध्याला मात्र पुष्कळ काम आहे, आणि चकचकीत असलं तरी इथं बिघडत नाही. पाठ कोरी असेल तर पुढच्या नाताळला तेच पोस्टकार्डासारखं पाठवता येतं. तारे, मेंढरं, घंटा कातरून भेटवस्तूवर नावाची चिठ्ठी होते. उभी पट्टी कापून दोरा ओवला की बायबलमध्ये, पोथीत, हरिपाठात ठेवायची खूण. बाळ येशू केरात जाण्यापेक्षा स्तोत्रसंहितेच्या पानात राहिला तर कुणाचं मन दुखावणार नाही, तसाच काकूंचा गणपती ज्ञानेश्वरीत. अंगणवाडीतल्या मुलांना एका चित्राचे सहा तुकडे करून जुळवायला दिले तर तासभर आवाज नाही. पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर रांगोळीचे साचे होतात, वाकळ शिवताना ठिगळं एका मापाची कापायला तो उत्तम. पत्रिकेचं पाकीट आहेराला वापरायची पद्धत आपल्याकडं आहेच, फक्त आधीचं नाव खोडायला विसरू नये, एका लग्नात माझी फजिती झाली आहे. परदेशी पाकिटावरची तिकिटं बोटभर कागद ठेवून कापावीत, ओरबाडून काढू नयेत. तिकिटं जमवणारी मुलं अजून आहेत.

नाताळ कार्डाची चालच मुळी वेळ वाचवण्यापायी पडली. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे गृहस्थ होते, एका पेनीत पत्र पोचवायची टपालव्यवस्था १८४० मध्ये सुरू झाली त्यात त्यांचा हात होता. पत्रं स्वस्त झाली आणि उत्तरं लिहिता लिहिता तेच वैतागले. १८४३ मध्ये त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून कार्ड काढून घेतलं, हजारभर छापलं, उरलेलं एक शिलिंगला एक विकलं. त्यातलं कोल यांनी आपल्या आजीला पाठवलेलं एक कार्ड २००१ मध्ये लिलावात वीस हजार पौंडांच्या घरात गेलं. हे ऐकून सूनबाईनं डबे पुन्हा एकदा उघडून पाहिले.

एक तक्रार नोंदवायची आहे. मागच्या वर्षी कापलेल्या चित्रांचा मोठा गठ्ठा मी एका शाळेला कार्यानुभवाच्या तासासाठी दिला. जूनमध्ये सहज गेले तर तो आवारातल्या राखेत अर्धवट जळालेला. प्लॅस्टिकचे काळे गोळे झाले होते. तिथल्या बाईंचाही फार दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की गठ्ठा कशासाठी आहे. आता मी पन्नास-पन्नासचं पाकीट करते, वर उपयोग लिहिते आणि मागणाऱ्यालाच देते.

खरी मेख छापखान्यात आहे. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडं मात्र पत्रिका जितकी चमचमती तितकं लग्न मोठं. नातवाच्या लग्नासाठी मी आमच्या गावातल्या छापखान्यात साधा कागद मागितला, तर मालक म्हणाले, "बाई, तुम्हीच पहिल्या. गिऱ्हाईक लॅमिनेशनशिवाय बघत नाही." साधी पत्रिका स्वस्त पडली, हे ते बिल करताना म्हणाले.

तेव्हा विनंती अशी. लगीनसराईच्या तोंडावर आपल्या अंकात पत्रिकांच्या छपाईच्या पानभर जाहिराती येतात. त्याच पानावर एका कोपऱ्यात रद्दीवाल्याची चुरगाळायची परीक्षा छापावी. चार ओळी लागतील. छापखानेवाल्यांनी नमुन्यांच्या वहीत पहिलं पान बिनलॅमिनेशनच्या, बिनफॉइलच्या पत्रिकेचं ठेवावं. दिसलं तर लोक मागतील. देवाचं चित्र पाकिटावर न छापता आत छापलं तर पाकीट तरी निर्धास्त रद्दीत जाईल. काकूंना हे पटलं आहे, पण त्यांचे यजमान अजून तयार नाहीत.

माझ्याकडं सध्या दोनशेच्या वर चित्रं कापून तयार आहेत, मेंढपाळांची सगळ्यांत जास्त. अंगणवाडी, संडे स्कूल, कुणालाही हवी असतील तर न्यावीत. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. येताना कात्री आणावी, माझी फॉइल कापून बोथट झाली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जालना