गंगेवरील नदी-सफरीत पाणी, एसी व लाइफ जॅकेटबाबत झालेल्या गैरसोयीची तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : कोलकाता–वाराणसी सफर, खालच्या डेकवरील मागच्या केबिन

महोदय,

जेवण, साफसफाई आणि जहाजावरची कामाची पोरं, तिन्हींबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती देखभालीची.

शॉवरचं आधी. केबिनमधला एकच नळ उघडा ठेवला तरी पंप दर चार-पाच सेकंदांनी चालू-बंद होतो. धार घटकेत जोरात, घटकेत करंगळीएवढी, आणि गरम पाण्यात मध्येच गार. तुमच्या माणसांनी गिझर बदलला, फरक शून्य. पडणार कसा? पंपाला जोडलेल्या, पाण्याचा दाब टिकवणाऱ्या प्रेशर टाकीतली हवा गेल्याची ही लक्षणं आहेत. पंप बंद करून टाकीतलं पाणी पूर्ण काढा, मग हवेच्या व्हॉल्व्हला टायरचा गेज लावा. पंप 2 बारला (बार म्हणजे दाबाचं माप) चालू होत असेल तर रिकाम्या टाकीत साधारण 1.8 बार हवा हवी. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर आतला रबरी पडदा फाटलाय, मग नुसती हवा भरून भागत नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही पंपवाला हे उभ्या उभ्या सांगेल. हे असंच चालू ठेवलं तर पंप चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात आणि मोटारही जाते.

एसी रोज संध्याकाळी ट्रिप व्हायचा. मशीन नदीच्या पाण्यावर थंड होतं. गाळणीत गाळ आणि जलपर्णी अडकली की पाणी कमी पडतं, कंडेन्सरचा (गॅस थंड करणाऱ्या भागाचा) दाब चढतो आणि मशीन बंद पाडणारा हाय-प्रेशर कटआउट पडतो. गाळणी न उघडता कर्मचारी फक्त रीसेटचं बटण दाबत होते. जोड-गाळणी बसवली तर एक चालू ठेवून दुसरी धुता येते. गंगेला गाळ असतो, हे हल्दिया–प्रयागराज जलमार्गावर धंदा करणाऱ्यांना आम्ही बेळगावातून कळवायचं का?

बाथरूमचा वास किरकोळ : जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा ट्रॅप कोरडा पडतो, केबिन रिकामी असताना रोज मगभर पाणी ओतलं तरी पुरे.

लाइफ जॅकेटचं मात्र किरकोळ नाही. आमच्यासोबत लहान मुलं होती, केबिनमध्ये जॅकेट सगळी मोठ्यांच्या मापाची. मोठं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. दोन जॅकेटांना शिट्टी नव्हती, एकाचा पट्टा तुटका. बुकिंगच्या फॉर्मवर मुलांची वयं लिहून घेतली होती, ती कशासाठी?

मागण्या : केबिन भाड्याच्या 30 टक्के परतावा, टाकी आणि गाळणीच्या दुरुस्तीचा लेखी अहवाल, आणि पुढची फेरी सुटण्यापूर्वी मुलांच्या मापाची जॅकेट जहाजावर. उत्तराची वाट 15 दिवस पाहू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, तेव्हा आम्हाला कोलकात्याला हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

आपले,
बेळगाव व खानापूरचे प्रवासी

सोबत : बुकिंगची पावती, जॅकेटांचे फोटो, पंपाच्या आवाजाचा व्हिडिओ